मदत हवी आहे : तांब्याच्या जुन्या बंबाची गळती
सप्रेम नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब असून पौष-माघाच्या थंडीत आम्ही अजूनही त्यातच पाणी तापवतो. यंदा मात्र ज्यात निखारे घालतो त्या मधल्या नळकांड्याच्या बुडाशी, निखाऱ्यांखालच्या जाळीच्या वरच्या सांध्यातून पाणी झिरपून निखाऱ्यांवर चरचरते आणि तिथे हिरवट-पांढरा थर दिसतो. कारागिराने कथलाची झाळ, म्हणजे कथील वितळवून सांधा जोडणे, सुचवली. परंतु कथील २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे बंबातले पाणी कधी चुकून आटले तर सांधा पुन्हा सुटेल, अशी मला धास्ती वाटते. पितळी झाळ लावल्यास जुना, पातळ झालेला पत्रा त्यासाठी लागणारी जास्त आच सोसेल का? आतील क्षारांचा थर आधी चिंचेच्या कोळाने काढावा, की त्याने गळती वाढेल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. बंब मोडीत घालण्याची माझी मुळीच इच्छा नाही.