मायामीची पोरं, अल्बानियाची काडतुसं आणि आपण वाजवलेल्या टाळ्या

रानजाई:
काल एका उद्योजकांच्या ग्रुपवर पोस्ट आली. मायामीच्या २१ वर्षांच्या पोराने घरी बसून लॅपटॉपवर पेंटागॉनचं जवळपास ३० कोटी डॉलरचं कंत्राट मिळवलं, आपली मुलं मात्र एमपीएससीच्या क्लासला रांगा लावतात, अशा अर्थाची. खाली टाळ्याच टाळ्या. मी चार ओळी लिहिल्या तर 'ताई, इतक्या निगेटिव्ह होऊ नका' असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तो पोरगा म्हणजे एफ्राइम डिव्हरोली. हुशार होता, यात वाद नाही. वडिलांनी नोंदवून ठेवलेली एईवाय नावाची कंपनी त्याने हाती घेतली आणि सरकारी टेंडरच्या साइटवर ठाण मांडून छोटी छोटी कामं उचलली. पुढे डेव्हिड पॅकाउझ जोडीला आला. तो मसाज थेरपिस्ट. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकन लष्कराने या कंपनीला अफगाण सैन्य आणि पोलिसांना दारूगोळा पुरवायचं २९.८ कोटी डॉलरचं काम दिलं. ती पोस्ट इथेच थांबते.

पुढचं मी सांगते. त्या कामात एके-४७ची १० कोटी काडतुसं होती. स्वस्त माल सापडला अल्बानियात, पण त्यातला बराचसा चिनी, तिथल्या एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने माओच्या चीनकडून घेतलेला. कंत्राटात स्पष्ट लिहिलं होतं की चिनी माल थेट किंवा आडमार्गाने चालणार नाही. कंपनीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आडून विचारून पाहिलं, तिथूनही नकारच आला. म्हणजे नियम माहीत होता. मग तिरानात, म्हणजे अल्बानियाच्या राजधानीत, माणसं लावून चिनी खुणांच्या पेट्या फोडल्या, काडतुसं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली आणि उत्पादकाच्या रकान्यात लिहिलं 'मेइको, अल्बानिया'. मेइको ही तिथली सरकारी कंपनी शस्त्रं विकायचं काम करते, बनवायचं नाही. अशा ३५ खेपांवर पुढे खटला उभा राहिला. प्रत्येक खेपेसोबत खोटं प्रमाणपत्र.

ही काडतुसं तालिबानसमोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात जाणार होती. माल कुठला, किती जुना, हे त्याला विचारताही येणार नव्हतं. याला उद्योजकता म्हणून मुलांपुढे ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

भोसरीचा_लेथ:
ताई, तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. पोरांनी खोटं लिहिलं, मान्य. त्यांना काम दिलं कुणी? इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या लष्करी कार्यालयाने. कारखाना नाही, गोदाम नाही, अनुभव जेमतेम, तरी दिलं. कारण दर कमी.

आमच्याकडे रोज हेच चालतं. माझं छोटं युनिट आहे, स्वतःची मशीनं, स्वतःची माणसं. एका सरकारी खात्याच्या टेंडरला आम्ही सॅम्पल, टेस्ट रिपोर्ट सगळं जोडून दर भरला. एल-वन, म्हणजे सर्वात कमी दरवाला, निघाला एक ट्रेडर. त्याच्याकडे एक टेबल आणि एक फोन. त्याने बाहेरून माल उचलून दिला, तो सहा महिन्यांत गंजला. आमची ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरलेली अनामत रक्कम, परत मिळायला मात्र किती खेटे घातले ते मला माहीत. सर्वात कमी दरवाल्यालाच काम द्यायचं ठरवलं की डिव्हरोली तयार होणारच. मायामीत होतील, भोसरीतही होतील.

अटलांटिकपार:
इथे व्हर्जिनियात मी सरकारी कामांच्या सबकॉन्ट्रॅक्टिंगमध्ये आहे, म्हणून थोडी दुरुस्ती. ते काम निव्वळ एल-वनवर दिलेलं नव्हतं. दर, जुनी कामगिरी, क्षमता असं सगळं तपासून द्यायचं होतं. आणि जुन्या कामगिरीचा कागद भयंकर होता. हेन्री वॅक्समन यांच्या अमेरिकी संसदेतल्या समितीने जून २००८ मध्ये सुनावणी घेतली तेव्हा बाहेर आलं की वेगवेगळ्या सरकारी विभागांनी आधी या कंपनीची किमान सात कामं रद्द केली किंवा काढून घेतली होती. इराकला बेरेटा पिस्तुलं द्यायची होती, ती पोहोचलीच नाहीत. हेल्मेटच्या एका कामाचंही वाजलं होतं. परराष्ट्र खात्याच्या संशयितांच्या यादीत कंपनीचं नाव होतं. एवढं असून लष्कराने ते पाहिलं नाही. तेव्हा एल-वनला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. इथे तपासायची सोय होती आणि तपासलं नाही.

भोसरीचा_लेथ:
म्हणजे मी म्हणतो तेच झालं ना! दर पाहिला आणि बाकीचं सोडून दिलं. नाव काहीही द्या, व्यवहारात एल-वनच.

अटलांटिकपार:
तेच नाही. तुमच्या टेंडरमध्ये बाबूचे हात बांधलेले असतात, इथे मोकळे होते. दोन्ही गुन्हे एका पोत्यात भरू नका.

खरंखुरं:
मला दोघांचंही पटत नाही. मुळात चिनी मालावरची बंदी हाच दांभिकपणा आहे. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यानंतरच्या रागातून हे निर्बंध आले. अल्बानिया आणि चीनचं १९७८ लाच फाटलं होतं. म्हणजे ही काडतुसं बंदीच्या कितीतरी आधी चीनबाहेर पडलेली. त्यातून बीजिंगला एक डॉलरही जात नव्हता. वरून कंत्राटात काडतुसांच्या वयाची अटच नव्हती, माल वापरण्याजोगा असावा एवढंच होतं. मग बिघडलं काय? पेटीवरच्या अक्षरांसाठी माणसाला चार वर्षं तुरुंगात टाकायचं?

रानजाई:
खरंखुरं, हाच मुद्दा कोर्टात मांडून झाला आणि तो टिकला नाही. युटाचा राल्फ मेरिल, ज्याने या धंद्यात पैसा घातला, तो ज्यूरीसमोर हरला आणि अपिलातही हरला. आणि माल इतका निर्दोष होता तर लपवला कशाला? लिहायचं होतं सरळ, 'चीन, १९६६'.

वरणगावकर:
मी ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या तपासणीत नोकरी करून निवृत्त झालो. इथे पेट्या, खोकी, कागद यांवरच चर्चा चालली आहे, म्हणून लिहितो.

पेटी बदलली म्हणून काडतुसाची ओळख पुसत नाही. बुडावर शिक्का असतो. चिनी काडतुसाच्या बुडावर कारखान्याचा आकडा आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. काबूलच्या गोदामात एखाद्या हवालदाराने खोकं फोडून एक काडतूस उलटं धरलं असतं तरी ३५ खेपांची बनवाबनवी तिथेच संपली असती. पाहिलं नाही, कारण पाहायचं ठरलेलंच नव्हतं. अमेरिका स्वतःच्या सैनिकांच्या दारूगोळ्याला कडक चाचण्या लावते. अफगाणांसाठी घेतलेल्या या सोव्हिएत पद्धतीच्या मालाला ते 'नॉन-स्टँडर्ड' म्हणायचे आणि त्यासाठी तसे निकष ठेवलेच नव्हते. मला सर्वात जास्त राग याचा आहे.

आता खरंखुरं यांना. जुनं काडतूस उडतं का? कोरड्या जागी, हवाबंद डब्यात राहिलं तर चाळीस वर्षांनीही उडतं. पण ह्यांनी केलं काय? डबेच फोडले. हवाबंद डब्यातून काढून पुठ्ठ्यात भरल्यावर ओल लागणार, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि दारू बिघडणार. हजारातली दहा उडाली नाहीत तर सरासरी काढणाऱ्याला चालेल, समोरून गोळी येत असलेल्या माणसाला चालत नाही. आणि लॉट, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचे गट, मिसळले गेले की कुठला लॉट खराब हे शोधायचा मार्गच बंद होतो. आमच्याकडे लॉट नंबर फाटलेली पेटी बाजूला काढायचे, आत सोनं असलं तरी.

खरंखुरं:
काका, तांत्रिक बाबतीत तुमच्याशी वाद घालणार नाही, डबे फोडायला नको होते हे खरं. पण बंदी मूर्खपणाचीच होती, हे मी सोडणार नाही. बंदी नसती तर डबे फोडायची वेळच आली नसती.

सांजवात:
अल्बानियाबद्दल कुणीच बोलत नाही? १५ मार्च २००८ ला तिरानाजवळ गेर्देच गावात जुना दारूगोळा मोडायच्या जागेवर स्फोट झाला. २६ माणसं गेली, शेकडो जखमी. तिथे काम करणारी बहुतेक आसपासच्या खेड्यांतली गरीब माणसं, त्यांत बायकाही. संरक्षणमंत्री फात्मिर मेदिऊंना राजीनामा द्यावा लागला. मेइकोचा प्रमुख उल्ली पिनारी, ज्याच्याकडून एईवायचा माल येत होता, तोच गेर्देचच्या प्रकरणात दोषी ठरला.

आणि कोस्ता त्रेबिका. पेट्या बदलायचं काम आधी त्याच्या कंपनीकडे होतं. त्याला कळलं की मेइको हजार काडतुसं २२ डॉलरला एका सायप्रसच्या कंपनीला विकते आणि तीच कंपनी ती ४० च्या आसपास एईवायला देते. मधला पैसा कुठे जातो, हे त्याने विचारलं. काम गेलं. त्याने डिव्हरोलीशी झालेलं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून उघड केलं. सप्टेंबर २००८ मध्ये तो गावाकडच्या रस्त्यावर मेलेला सापडला. सरकारी नोंद अपघाताची आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं वाचावं.

भोसरीचा_लेथ:
हे वाचून वाईट वाटलं. पण बघा, इथेही मधला दलालच. उत्पादक नाही, वापरणारा नाही, नुसता कागद फिरवणारा. निम्मा पैसा तोच खातो. आमच्या टेंडरमध्येही…

रानजाई:
दादा, तुमच्या टेंडरचा वेगळा धागा काढा. तिथे मी स्वतः येऊन तुमच्या बाजूने लिहीन. इथे माणसं मेली आहेत.

भोसरीचा_लेथ:
माझ्याकडची बारा घरं टेंडरवर चालतात, ती माणसं नाहीत का? तुम्हाला अल्बानिया दिसतो, भोसरी दिसत नाही. सरकारी खरेदीवर धागा काढायचा आणि सरकारला माल देणाऱ्यालाच गप्प बसवायचं, हे काही बरोबर नाही.

अटलांटिकपार:
दोघंही थांबा. लेथ यांचं म्हणणं विषयाबाहेर नाही, फक्त ते अमेरिकेवर जसंच्या तसं बसत नाही. 'अशी पोरं आत्ताच निघाली' असं मानणाऱ्यांसाठी एक जुना दाखला देतो. १८६१, अमेरिकेतल्या यादवी युद्धाची सुरुवात. सरकारने मोडीत काढलेल्या ५,००० हॉल कार्बाइन (आखूड बंदुका) एकाने सरकारकडूनच साडेतीन डॉलरला एक अशा घेतल्या, दुसऱ्याला साडेबाराला विकल्या आणि त्याने त्याच सरकारच्या जनरल फ्रेमाँटला २२ डॉलरला दिल्या. या व्यवहाराला २०,००० डॉलर उसने देणारा तरुण २४ वर्षांचा होता. जे. पी. मॉर्गन. त्याला आतलं किती ठाऊक होतं यावर इतिहासकार अजून भांडतात. अशा पुरवठादारांच्या लुटीमुळेच १८६३ मध्ये सरकारकडे खोटं बिल लावणाऱ्याविरुद्ध कायदा आला. तो आजही लागू आहे.

खरंखुरं:
पाहा! मॉर्गन बँकेचा मालक झाला, डिव्हरोली तुरुंगात गेला. फरक एवढाच की एकाचा बाप श्रीमंत होता.

सांजवात:
माझा भाऊ १९९९ मध्ये द्रासला होता. त्या हिवाळ्यात त्याला मिळालेल्या बुटांचा तळ दुसऱ्या आठवड्यात सुटला. पुरवठा कुणी केला, कितीला केला, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. घरात कुणी 'स्मार्ट सप्लायर' म्हणून कुणाचं कौतुक करू लागलं की तो उठून बाहेर जातो. खरंखुरं, तुम्ही दांभिकपणा, बंदी, मॉर्गन सगळं बोलता. शेवटच्या माणसाचं एकदा बोला.

खरंखुरं:
तुमच्या भावाबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण एखाद्याचं दुःख पुढे केलं की बाकीच्यांनी विचार करायचा नाही, हेही मला मान्य नाही. दोषी पोरं, ठीक आहे. मी ते नाकारलेलंच नाही.

वरणगावकर:
खरंखुरं, पहिल्या प्रतिसादात तुम्ही 'बिघडलं काय' असं विचारलं होतं. वर जाऊन वाचा.

खरंखुरं:
वाचलं. खोटी सही चूक, डबे फोडणं चूक. बंदीवर माझं मत कायम.

रानजाई:
मग शिक्षेचंही बोलू. ७१ कलमांचं आरोपपत्र. डिव्हरोलीने कटाचं एक कबूल केलं, जानेवारी २०११ मध्ये त्याला चार वर्षं. मेरिललाही चार. पॅकाउझला सात महिने घरात नजरकैद. अमेरिकेच्या बाजूने शिक्षा झाली ती कंपनीच्या माणसांना. सात कामं रद्द झालेल्या कंपनीला २९.८ कोटींचं काम देणाऱ्या टेबलावर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांची नावं त्या उद्योजकांच्या ग्रुपला माहीतही नाहीत. लेथदादा, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत आहे, आणि तुमचा वेगळा धागा मी आजच काढते. ईएमडी अडकल्याचे कागद तारखांसकट तिथे लावा.

भोसरीचा_लेथ:
लावतो. खात्याचं नाव सोडून सगळं लावतो. पुढचं टेंडर त्यांच्याकडेच भरायचं आहे.