मोडशीवर पेज आणि डोळ्यांत पिंपळी: जुन्या वैद्यांचा अनुभव किती मानायचा?

खलबत्ता:
पोट बिघडून जुलाब सुरू झाले की माझी आजी "मोडशी झाली" म्हणायची आणि तांदळाची पातळ पेज, त्यात जिरं आणि मीठ, वाटी-चमचा घेऊन तासन्‌तास पाजत बसायची. हा शब्द मला परवा १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकाबद्दल वाचताना भेटला. लेखक गार्सिया द ऑर्ता. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा सालामांकाला वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. पुढची चौतीस वर्षं त्याने इथेच काढली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायला तो जात असे. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात जे पुस्तक लिहिलं, त्यात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रकरण आहे, आणि तिथे तो सांगतो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात. आपली मोडशीच.

त्यात इथल्या वैद्यांचे उपचार दिलेत. पहिलाच उपचार मिरं-जिरं घातलेल्या तांदळाच्या पेजेचा. 'कांजी' हा शब्दसुद्धा त्याने तसाच ठेवलाय.

आता हे १९७१ शेजारी ठेवून बघा. बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते लोकांच्या हाती दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण तिसाच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं. नंतर ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ घालूनही हे द्रावण चालतं असं दिसलं. तांदळातला स्टार्च आतड्यात फुटून ग्लुकोज होतो, ग्लुकोज मिठाला आत ओढतो आणि मिठामागून पाणी जातं.

म्हणून माझं स्पष्ट मत मांडतो. जुन्या वैद्यांचं वनस्पतीज्ञान हे रोग्याच्या उशाशी बसून, पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेलं ज्ञान होतं. त्याला 'पुरावा कुठाय?' एवढ्या एका प्रश्नाने उडवून लावणं हा अन्याय आहे.

पागोळी:
खलबत्ता, मी तालुक्याच्या गावी अठरा वर्षं प्रॅक्टिस करतेय. तुमच्या आजीच्या पेजेला माझा नमस्कार. पण ते प्रकरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. पेजेच्या पुढे काय लिहिलंय? रोग्याच्या पायांना डाग देतात. डोळ्यांत पिंपळी घालतात. पेटके आले की डोकं, हात, पाय करकचून बांधतात. हे सगळं त्याच वैद्यांचं, त्याच अनुभवातून आलेलं. अंगातलं पाणी निघून गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत पिंपळीची पूड गेली तर काय होत असेल, त्याची कल्पना करून बघा. पेज बरोबर आणि पिंपळी चूक, हे आज आपल्याला कळतं. त्या वैद्याला ते वेगळं काढता येत नव्हतं. माणूस वाचला तर कशाने वाचला, हे सांगायला त्याच्याकडे साधनच नव्हतं. आणि पेजेत मीठ किती घालायचं? त्या वर्णनात मिरं आहे, जिरं आहे, मिठाचं माप नाही. खरा उपचार त्या मापातच आहे.

टिटवी:
यात फक्त आपल्याच वैद्यांना का धरायचं? १८१७ च्या पटकीच्या साथीत गोरे डॉक्टर रोग्यांना पाऱ्याचं कॅलोमेल देत होते आणि वर शिरा कापून रक्त काढत होते. अंगातलं पाणी संपलेल्या माणसाचं रक्त काढायचं! त्यापेक्षा पेज देणारा वैद्य शंभर पटींनी बरा. १८३२ मध्ये स्कॉटलंडातल्या लीथ गावी थॉमस लॅटाने शिरेतून मिठाचं पाणी दिलं, काही रोगी उठून बसले, तरी पुढची कित्येक वर्षं कोणी ती गोष्ट मनावर घेतली नाही.

पागोळी:
टिटवी, मान्य. मी गोऱ्यांची बाजू घेतच नाहीये. रक्त काढणाऱ्यांनाही आपला अनुभव पक्का वाटत होता, तेही रोग्याच्या उशाशीच बसत होते, आणि त्यांची परंपराही दोन हजार वर्षांची होती. नुसत्या अनुभवावर मी का विसंबत नाही, ते यातच आलं.

दीपमाळ:
मला दुसरंच बोलायचंय. श्रेय कोणाचं? कोचीच्या डच कारभाऱ्याने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला. त्यात माहिती देणाऱ्यांची साक्षपत्रं छापली आहेत. एक इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांचं. दुसरं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांचं. ते नागरी लिपीत आहे आणि भाषा कोकणी. त्या जुन्या छापील पानावर, लॅटिनच्या गर्दीत, आपली अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

ऑर्ताच्या पुस्तकातही मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. हवी ती वनस्पती आणून देणारी अंतोनिया नावाची दासी येते. या माणसांना 'साधन नव्हतं' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर हे ग्रंथ झालेच नसते.

पागोळी:
श्रेय द्याच. त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात हवीत. पण एखाद्याने झाड नेमकं ओळखलं म्हणजे त्याचा उपयोगही नेमका सांगितला, असं होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया.

उंबरठा:
आमच्याकडे सिंधुदुर्गात आव पडली की कुड्याची साल ताकात उगाळून देतात. ऑर्तानेही कुड्याबद्दल लिहिलंय ना? आणि त्यात पुढे गुणकारी द्रव्य सापडलंही. मग हा अनुभव खरा ठरला की नाही?

खलबत्ता:
ठरलाच. आणि असा कुडा एकटा नाही. पेरूकडची सिंकोनाची साल सतराव्या शतकापासून युरोपात हिवतापावर देत होते. तिच्यातलं क्विनीन १८२० मध्ये पॅरिसला वेगळं काढलं. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं साल काम करत होती आणि कारण कोणालाच माहीत नव्हतं. कारण माहीत नसणं म्हणजे ज्ञान नसणं नव्हे, पागोळीताई.

पागोळी:
कुडा आणि सिंकोना दोन्ही मान्य. पण दोन्हींत काय सारखं आहे बघा. हिवतापाची थंडी दिवसाआड येते. साल दिली आणि थंडीची पाळी चुकली, की घरातल्या पोरालाही दिसतं. आव थांबली की नाही, दोन दिवसांत कळतं. जिथे गुण लगेच डोळ्यांना दिसतो, तिथे जुने वैद्य फार क्वचित चुकले, हे मी मोकळ्या मनाने म्हणेन.

आता सापसंद घ्या, आपली ईश्वरी. हिच्या कुळातल्या वनस्पती युरोपात ग्रीकांच्या काळापासून बाळंतिणीला देत आले, आपल्याकडे सापाच्या विषावर. दोन हजार वर्षांचा अनुभव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात याच कुळातली एक चिनी वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना कर्करोग झाला. बाल्कन प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांची मूत्रपिंडं सुकत होती, त्याचं कारणही धान्यात मिसळणारं याच कुळातलं तण निघालं. दोन हजार वर्षांत हे एकाही वैद्याच्या लक्षात का आलं नाही? कारण औषध आज घेतलं आणि मूत्रपिंड काही वर्षांनी गेलं. या दोन टोकांची गाठ उशाशी बसून बांधता येत नाही.

माझ्याकडे गेल्या वर्षी एक चाळिशीची बाई आली. पायांवर सूज, आणि मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नऊ, म्हणजे फारच वाढलेलं. गुडघेदुखीसाठी तीन वर्षं बिनलेबलाची पूड घेत होती, कागदाच्या पुड्यांतून. आत काय होतं, आजतागायत कळलेलं नाही. देणाऱ्याने तिला हेच सांगितलं होतं: झाडपाला आहे, शेकडो वर्षांचा आहे, अपाय नाही. आज ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, एसटीने, दीड तास जायला आणि दीड तास यायला.

खलबत्ता:
हे वाचून दिवसभर काही लिहिता आलं नाही. पुडीवाल्याची बाजू मी घेणार नाही. पण तो म्हणजे मालुपा नव्हे. मालुपाला आपलं झाड माहीत होतं. आणि ऑर्ताचंही एक सांगतो: डायोस्कोरायडीज आणि गेलन या जुन्या ग्रीक वैद्यांची मला भीती घालू नका, मी खरं आणि मला ठाऊक आहे तेच सांगणार, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. त्या काळी हे म्हणायला छाती लागते. मेल्यानंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, ती मात्र ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली.

टिटवी:
विदरिंगचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? इंग्लंडातल्या श्रॉपशायरची एक म्हातारी जलोदरावर वीसेक पाल्यांचा काढा देत असे. त्यातला गुण डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा, हे विल्यम विदरिंग या डॉक्टरने ताडलं. मग दहा वर्षं रोगी तपासून १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात गुण आलेले रोगी आहेत, न आलेले आहेत, जास्त मात्रेने उलट्या होऊन नाडी मंदावलेलेही आहेत. पान कधी खुडायचं, किती गुंजा द्यायचं, कुठे थांबायचं, सगळं आहे.

पागोळी:
मला हवंय ते हेच. म्हातारीचा मान राहिला आणि रोग्याचा जीवही. फसलेले रोगी लिहून ठेवले की अनुभव दुसऱ्याच्या कामी येतो. खलबत्ता, तुमच्या आजीच्या पिढीचं कोणी आहे का? असेल तर विचारा, मीठ किती. आणि पेज देऊनही गेलेले किती.

खलबत्ता:
आजीची धाकटी बहीण आहे, एक्क्याण्णव वर्षांची. काल फोन केला. मीठ किती, तर म्हणाली आधी आपण चाखायचं, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

पागोळी:
ओआरएस, म्हणजे जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी, घरी करायला शिकवताना आम्ही बायकांना हेच सांगतो. शब्दही तेच. आणि दुसरा प्रश्न?

खलबत्ता:
विचारला. बराच वेळ गप्प होती. मग दोन म्हणाली. एक शेजारचा मुलगा आणि एक तिचा सख्खा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. त्या वर्षी गावात पटकी होती. पेज दोघांनाही दिली होती, पण पोटात ठरत नव्हती. मला त्या भावाचं नावही माहीत नव्हतं.