जपानीतलं वर-खाली, डावं-उजवं शिकायचंय, सल्ला हवा

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. लेक टोकियोत निशि-कासाईला असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे, म्हणून मी तीन महिने जातेय. जावई सकाळी सातला बाहेर पडतात, म्हणजे दुकान, औषधं सगळं माझ्या गळ्यात. अख्खी भाषा शिकायचा आव आणत नाही. वर, खाली, मागे, पुढे, डावी, उजवी एवढं आलं तरी पुष्कळ. वय ५८, बँकेतून निवृत्त. आकडे पाठ राहतात, शब्द नाही. एक तक्ता मिळाला: उए (वर), शिता (खाली), माए (पुढे), उशिरो (मागे), नाका (आत), मिगि (उजवी), हिदारि (डावी). चार दिवस घोकला, पाचव्या दिवशी मिगि कुठली नि हिदारि कुठली हेच आठवेना. क्लास लावू, पुस्तक घेऊ की ॲप?

कोथरूडचा_कावळा
पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात रीतसर अभ्यासक्रम आहेत, पण ते एन-५ वगैरे परीक्षा देणाऱ्यांसाठी बरे. तुमच्यासाठी 'मिन्ना नो निहोंगो' या पुस्तकाचा फक्त १० वा धडा. वर-खाली-मागे-पुढे सगळं तिथेच आहे. कुणाची तरी जुनी प्रत मिळेल, नवी घेऊ नका. आणि एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीचे 'इझी जॅपनीज' धडे फुकट आहेत, हिंदीतूनही ऐकता येतात.

खडूस_आजोबा
कशाला हा खटाटोप? फोन समोर धरा, बोला, तो जपानी बोलतो. झालं.

तोझाईवाली
आजोबा, एका हातात छत्री, एका हातात पिशवी, फोन कुठल्या हातात धरायचा?

काकू, मी तुमच्या लेकीच्याच रेल्वे लाइनवर, तोझाई लाइनवर राहते. तोझाई म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि निशि म्हणजे पश्चिम. निशि-कासाई म्हणजे कासाई वेस्ट समजा, अंधेरी वेस्टसारखं. तुमच्या स्टेशनला दोन बाजू, कितागुचि (उत्तर) आणि मिनामिगुचि (दक्षिण). लेकीचं घर कुठल्या बाजूला, हे आधी विचारून घ्या. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल.

आता मुद्दा. तक्ता घोकू नका, जोडी करा. 'नो' म्हणजे आपला 'च्या'. त्सुकुए नो उए, टेबलाच्या वर. इसु नो शिता, खुर्चीच्या खाली. शब्दाला शब्द. इंग्रजीतून शिकणारे वाक्य उलटंपालटं करत बसतात, आपल्याला ती कसरतच नाही. म्हणून इंग्रजी व्हिडिओ बंद करा आणि मराठीतून विचार करा.

पण मराठी दोन ठिकाणी फसवते. आपण 'डब्यामधे' म्हणतो आणि 'दोन दुकानांच्या मधे'ही म्हणतो. तिकडे पहिलं नाका, दुसरं आइदा. तसंच 'समोर'चं. स्टेशनसमोर म्हणजे एकि नो माए, पण रस्त्यापलीकडे तोंडासमोर असेल तर मुकाइ.

आणखी एक, तक्त्यात सहसा नसतं ते. प्रश्न विचारणं सोपं आहे हो, 'ओमुत्सु वा दोको देस् का', डायपर कुठे आहेत. अडतं उत्तरात. सुरुवातीला मी एका दुकानात सोय सॉस विचारला. बाई म्हणाली, 'त्सुकिआतारि नो तेमाए, हिदारिगावा देस्.' मला हिदारि तेवढं कळलं. तिथल्या तिथे डावीकडे वळले आणि मांजरांच्या खाण्यात जाऊन उभी राहिले. त्सुकिआतारि म्हणजे जिथे वाट संपते ती भिंत. तेमाए म्हणजे अलीकडे. भिंतीच्या अलीकडे, डाव्या बाजूला! या 'तेमाए'साठी एवढा नेमका शब्द मराठीतच सापडला. सोबत ओकु, म्हणजे पार आत, टोकाला. दुकानात हे दोन्ही सारखे कानावर येतात.

कोथरूडचा_कावळा
तेमाएला +१. पुस्तकात मला फार उशिरा भेटला.

शाईचा_डाग
मिगि-हिदारिसाठी: मिगिच्या कांजीत (म्हणजे चित्रलिपीतल्या अक्षरात) खाली एक चौकोन असतो. तो चौकोन म्हणजे कुचि, तोंड. उजव्या हाताने जेवतो, म्हणून तोंड असलेली ती उजवी. कितागुचितला गुचि हाच, स्टेशनचं तोंड. आणि हिदारितला 'दा' हा डाव्यातला 'डा' धरा. शास्त्र नाही, पण चालतं.

शब्द लिहायचे तर देवनागरीतच लिहा, रोमनमध्ये उच्चार बिघडतात.

अजून एक. आपण सगळ्यांना 'आहे' म्हणतो. तिथे बाळ, मांजर, माणूस असेल तर इमास्, आणि टेबल, दुकान असेल तर आरिमास्. झाड जिवंत असलं तरी आरिमास्, हसू नका. आणि 'तिथे' दोन आहेत. ऐकणाऱ्याजवळचं ते सोको, दोघांपासून लांबचं ते आसोको. लेक फोनवर 'सोको' म्हणाली तर तुमच्याजवळच शोधा.

खडूस_आजोबा
हे सगळं लक्षात कसं ठेवायचं ५८ व्या वर्षी? माझं ७१ आहे, मला विचारा.

तोझाईवाली
चिठ्ठ्या, आजोबा. पण 'फ्रिज' लिहून फ्रिजला चिकटवू नका. फ्रिजच्या डोक्यावर 'रेइझोको नो उए', आत भाजीच्या कप्प्यावर 'रेइझोको नो नाका'. हात तिथे जातो तेव्हा तोंडाने म्हणायचं.

दुपारचा_चहा
सगळ्यांचे आभार. लेकीला विचारलं, घर मिनामिगुचिला, पोस्टाच्या तेमाए. (हे मी माझं माझं लावलं, ती दोन मिनिटं गप्पच झाली.) चिठ्ठ्या लावून अकरा दिवस झाले. आमचे हे पहिले दोन दिवस वैतागले, आता त्यांनाच चढलंय. सकाळी 'मेगाने वा दोको' म्हणून चष्मा विचारतात, मी ओट्यापासून 'तेरेबि नो उए' ओरडते.

खडूस_आजोबा
हल्लीच्या पातळ टीव्हीवर चष्मा राहतो कसा?

दुपारचा_चहा
आमचा जुना आहे, खोक्याचा.