भाडेकरू बदलताना ऑफिसची कुलपं: अख्खी बदलायची की नुसते सिलिंडर?

जागामालक_३
ऑफिसची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. मग दोन-तीन आठवडे रंगकाम आणि वायरिंग, आणि लगेच नवा भाडेकरू. समोर रोलिंग शटर आहे, दोन्ही बाजूंना साइड लॉक. त्यामागे फ्लोअर स्प्रिंगवरचं काचेचं दार. आत केबिनची दोन लाकडी दारं, मॉर्टिस लॉकची, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपांची. मागे जिन्याकडे उघडणारं लोखंडी दार. जाणारा म्हणतो सहापैकी पाच किल्ल्या परत देतो, एक सापडत नाही. सगळी कुलपं नवी घ्यायची का? आणि बदलायची कधी, तो गेल्यावर की नवा आल्यावर?

पिनटंबलर
किती किल्ल्या परत आल्या हा हिशेबच सोडून द्या. साध्या किल्लीची नक्कल काही मिनिटांत निघते. 'डुप्लिकेट करू नये' असा ठसा असला तरी तो कुणाचा हात धरत नाही. किल्लीवर कोड नंबर कोरलेला असेल तर नुसत्या नंबरावरूनही ती कापून मिळते. सहाच्या सहा परत आल्या तरी बदल करायचाच.

पण अख्खं कुलूप काढायची गरज बहुतेक दारांना नसते. मॉर्टिस लॉकची बॉडी आणि हँडल तसंच ठेवा, फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतो तो भाग, बदला. दाराच्या कडेला जी पट्टी दिसते तिच्यावर सिलिंडरच्या रेषेत एक लांब एम ५ (५ मिमी जाडीचा) स्क्रू असतो. तो पूर्ण बाहेर काढा. मग किल्ली घालून साधारण १५ ते ३० अंश फिरवा, म्हणजे सिलिंडरची जीभ बॉडीच्या रेषेत येते आणि सिलिंडर सरळ बाहेर सरकतो. अडला तर ठोकू नका, जीभ थोडी तिरकी राहिलेली असते. किल्ली जराशी मागेपुढे करत ओढा.

माप घेताना लोक हमखास चुकतात. नुसती एकूण लांबी सांगून भागत नाही. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजायचं. ३०-४० आणि ३५-३५ दोन्ही ७० मिमीच, पण एकाच्या जागी दुसरा घातला तर एका बाजूला ५ मिमी बाहेर येतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच आत जातो. बाहेरच्या बाजूला प्लेटच्या पुढे २-३ मिमीपेक्षा जास्त आला की पकडीत धरता येतो, आणि स्क्रूच्या भोकापाशी तो सगळ्यात कमजोर असल्यामुळे तिथेच मोडतो. नवा बसवल्यावर स्क्रू फार आवळू नका, सिलिंडर तिरका ओढला जातो आणि किल्ली जड चालते.

कुलूपकारागीर
सिलिंडर चांगल्या प्रतीचा असेल तर तोही फेकू नका, आतल्या पिना, म्हणजे किल्लीच्या दातांवर उचलल्या जाणाऱ्या छोट्या दांड्या, बदलल्या की झालं. हलक्या सिलिंडरात आतली क्लिप ठोकून बंद केलेली असते, ते उघडण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, नवा घ्या.

काम असं: नवी किल्ली आधी कापून घ्यायची, आणि तीही कोडवरून किंवा कंपनीच्या मूळ किल्लीवरून. झिजलेल्या नकलेवरून कापलेल्या किल्लीला पिना जुळवल्या तर ती एकच किल्ली चालते, पुढच्या नकला अडकतात. जुन्या किल्लीने प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग, थोडा फिरवून ठेवा, त्याला धरून ठेवणारी क्लिप काढा आणि प्लगच्याच व्यासाच्या दांडीने, म्हणजे फॉलोअरने, प्लग बाहेर ढकला. दोघांच्या मध्ये केसाइतकीही फट पडू द्यायची नाही. फट पडली की वरच्या पिना आणि स्प्रिंगा खाली उडी मारतात, आणि मग टेबलाखाली शोधत बसा. प्लग न फिरवता सरळ ओढला तर वरच्या पिना एकेका भोकात उतरतात आणि काम मध्येच अडतं.

आता प्लगमधल्या जुन्या खालच्या पिना काढून टाका, नवी किल्ली घाला, प्रत्येक भोकात किल्लीच्या तिथल्या कटाच्या, म्हणजे खाचेच्या, मापाची पिन. पिनचं डोकं प्लगच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट यायला हवं. बोट फिरवून कळतं. वर आलं तर प्लग फिरणार नाही, खाली राहिलं तर वरची पिन आत घुसेल आणि तरीही फिरणार नाही. उंच पिन कानशीने घासून बसवणारे पुष्कळ आहेत. तशी पिन काही दिवस चालते, मग तिच्या कडेची बर, म्हणजे घासताना उरलेली खरखरीत कड, भोकात अडकते. योग्य मापाचीच घाला. पाच पिनांच्या सिलिंडरला पाच, दोन्ही बाजूंनी किल्ली लागत असेल तर दहा.

शेवटी जुनी किल्ली घालून हलवत, खालीवर दाबत फिरवून बघा. नव्या आणि जुन्या किल्लीत एक-दोनच कट वेगळे असले आणि तेही एकेका पायरीचे, तर झिजलेल्या सिलिंडरात जुनी किल्लीही कधीकधी फिरते. निदान तीन जागांचे कट वेगळे हवेत.

तेल घालू नका. धूळ धरतं आणि वर्षभरात चिकट होतं. ग्राफाइट पावडर किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे.

शटर_दुरुस्ती
वरचं सगळं सिलिंडरला लागू आहे. शटरच्या साइड लॉकमध्ये पिनांऐवजी बहुधा लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या सपाट पट्ट्या, असतात. ते उघडून लिव्हर बदलता येतात, पण त्या खटाटोपापेक्षा जोडी नवी बसवा. जुन्या कुलपाच्या स्क्रूच्या भोकांचं अंतर आणि दांड्याची लांबी मोजून न्या, नाहीतर पत्र्याला नवी भोकं पाडावी लागतात आणि पट्टी कमजोर होते. दोन्ही बाजू एकाच किल्लीच्या मागा.

काचेच्या दाराचं कुलूप खालच्या पॅचमध्ये, म्हणजे काच धरणाऱ्या धातूच्या तुकड्यात, असतं. त्यात सहसा सिलिंडरच असतो, पण मापं निराळी, म्हणून जुना काढून नमुना हातात घेऊनच खरेदी. कुलूप जड वाटलं तर आधी फरशीतलं बोल्टचं भोक साफ करा. त्यात माती भरली की बोल्ट पूर्ण उतरत नाही, माणसं जोर लावतात आणि किल्ली आत मोडते. रंगकामाच्या काळात तर ते चुन्याने हमखास भरतं.

जागामालक_३
खूप उपयोगी. मास्टर की करून घेतली तर? माझ्याकडे एक किल्ली, सगळी दारं.

कुलूपकारागीर
पाच दारांसाठी नको. मास्टरसाठी पिनांमध्ये जादा चकत्या घालतात, त्यामुळे त्या जागी पिन दोन उंचींवर जुळते. पाचही जागी चकत्या घातल्या तर एकाऐवजी ३२ वेगवेगळ्या किल्ल्यांनी तोच सिलिंडर फिरू शकतो. दोनच जागी घातल्या तर ४. शिवाय मास्टर हरवली की सगळ्या दारांचं काम पुन्हा. त्यापेक्षा आतली दारं एकाच किल्लीवर घ्या, शटर आणि पुढचं दार वेगळं ठेवा. तुमच्याकडे एक संच ठेवायचा असेल तर तसं करारात लिहा.

ताबापावती
कधी बदलायचं, ते राहिलं. ताबा लेखी परत मिळेपर्यंत एकाही कुलपाला हात लावू नका, भाडं थकलेलं असलं तरी. कायदा जागोजागी वेगळा आहे, पण भाडेकरूला कुलूप लावून बाहेर ठेवणं अनेक ठिकाणी मालकाच्याच अंगाशी येतं. ताबापावतीवर परत आलेल्या आणि न आलेल्या किल्ल्यांची संख्या दारागणिक लिहून घ्या. किल्ल्यांचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, दात स्पष्ट दिसले तर फोटोवरूनही कट काढता येतात.

तुमच्याकडे मध्ये रंगारी आणि वायरमन आहेत, म्हणून बदल दोनदा करा. ताबा मिळाला त्या दिवशी साधे कामचलाऊ सिलिंडर, त्यांच्या किल्ल्या कामगारांना. कायमचे सिलिंडर नव्या भाडेकरूला ताबा देण्याच्या दिवशी, त्याच्यासमोर, किल्ल्यांचं पाकीट त्याच्यासमोरच फोडून. कामचलाऊ संच पुढच्या वेळी दुसऱ्या जागेत वापरा, याच जागेत पुन्हा नको. शटरची नवी जोडी मात्र शेवटच्या दिवशीच. मधल्या काळात तिथे तात्पुरती सुटी कुलपं लावा.

मागचं दार बाहेर पडायची वाट असेल तर आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. पॅनिक बार, म्हणजे ढकलताच दार उघडणारा आडवा दांडा, असेल तर फक्त बाहेरचा सिलिंडर बदला. आतून टाळं किंवा दोन्ही बाजूंनी किल्लीचा सिलिंडर तिथे चालणार नाही, आत नॉब असलेला घ्या. केबिनला दोन्ही बाजूंनी किल्लीचा ठेवणार असाल तर आत किल्ली अडकलेली असतानाही बाहेरून उघडणारा मागा.

शटर_दुरुस्ती
मीटरची पेटी, टपालपेटी, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी, स्टोअरची कपाटं. यांना छोटी कॅम लॉक असतात, एक नट सोडला की निघतात. जुनं कुलूप दाखवून त्याच लांबीची आणि त्याच वळणाची पट्टी असलेलं घ्या.

ताबापावती
आणि बोटाच्या ठशाचं किंवा कार्डाचं मशीन असेल तर जुने ठसे, कार्डं आणि ॲडमिनचा कोड पुसून टाका. अलार्मचा कोड आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पासवर्डही. ॲडमिन कोड जाणाऱ्याकडून ताबा घेतानाच मागून घ्या, नंतर फोन उचलला जात नाही आणि मशीन रिसेट करायला भिंतीवरून उतरवावं लागतं.