टर्बोसाठी कम्प्रेशन कमी करायचंय: जाड गॅस्केट की नवे पिस्टन?

रेडलाइन_७०००: सल्ला हवाय. २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी, कम्प्रेशन १०.५ (म्हणजे पिस्टन मिश्रण साडेदहा पट दाबतो). मूळचं बिनटर्बोचं, टर्बो नंतर बसवलाय, बूस्ट (टर्बो हवा कोंबतो तो जास्तीचा दाब) ०.६ बार. पंपावरचं ९५ ऑक्टेन पेट्रोल वापरतो. साडेतीन हजार आरपीएमला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) सुरू. कम्प्रेशन ९ वर आणायचं म्हणतोय. मेकॅनिक म्हणतात, जाड हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) टाकू, इंजिन उतरवायला नको. टाकू का?

तेलकट_हात: नका टाकू. आधी हिशेब बघा. एक सिलिंडर ५०० सीसी. १०.५ ला पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ५२.६ सीसी, ९ ला ६२.५. म्हणजे १० सीसी वाढवायचे. तुमच्या बोअरला १ मिमी जाडी म्हणजे ५.८ सीसी, म्हणजे गॅस्केट तब्बल १.७ मिमीने जाड लागेल.

खरी गोम पुढे आहे. पिस्टन वर आला की त्याची सपाट कड आणि हेड यांच्यात जेमतेम १ मिमी फट राहते. तिथलं मिश्रण पिळून मधे फेकलं जातं, चांगलं घुसळतं आणि ज्योत झपाट्याने पसरते. हाच स्क्विश. फट पावणेतीन मिमी झाली की स्क्विश संपला. कडेचं मिश्रण तिथेच तापत बसतं आणि ज्योत पोचायच्या आत आपोआप पेटतं. कम्प्रेशन उतरवूनही नॉकिंग हवं तेवढं कमी होत नाही. शिवाय हेड वर उचललं गेल्याने कॅम टायमिंगही (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकतं, ते वेगळंच.

बूस्ट_वेडा: मी तर म्हणेन, इंजिन उघडूच नका अजून. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) आहे का? लॉगमध्ये इनटेक टेम्परेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) किती दिसतं? बूस्टमध्ये इग्निशन टायमिंग मागे घेतलंय (ठिणगी थोडी उशिरा) की जुनाच मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) चालवताय? ०.६ बारला १०.५ नीट ट्यूनिंग केलं तर चालू शकतं. प्लगही एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या.

रेडलाइन_७०००: इंटरकूलर आहे, पण छोटा. दोनतीनदा जोर लावला की इनटेक ७० अंशांच्या वर जातं. पुढे १ बारपर्यंत जायची इच्छा आहे.

तेलकट_हात: मग आधी मोठा इंटरकूलर आणि नीट मॅप. १ बारचं नक्की असेल तर खोलगट डोक्याचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन घ्या: खळगा मधे, कड सपाट, म्हणजे स्क्विश शाबूत. बूस्ट यायच्या आधीची ओढ थोडी कमी होईल, ते धरून चाला.

ऑर्डर देण्याआधी हेडची जागा स्वतः मोजा, कॅटलॉगवर विसंबू नका. हेड उलटं ठेवा, प्लग लावलेला, व्हॉल्व्ह बंद. कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी बसवा आणि ब्युरेटने (सीसीच्या खुणा असलेल्या नळीने) रॉकेल सोडा, बुडबुडा राहता कामा नये. चारही चेंबर मोजून आकडे इथे टाका, मग खळगा किती सीसीचा हवा ते काढू.