ड्रम्सच्या ओव्हरहेडला (किटच्या वर लावायच्या माइकना) रिबन की कंडेन्सर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात बारा बाय चौदाच्या खोलीत पाच पीस ड्रम किट रेकॉर्ड करायचा आहे. छत नऊ फुटांवर, सपाट स्लॅब. भिंतींवर सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्यात. त्यांनी वरचा खणखणाट दबतो, खालचा घुमारा तसाच राहतो.

कंडेन्सर माइकची जोडी स्नेअरपासून (खाली तारा असलेल्या ड्रमपासून) समान अंतरावर, साडेचार फूट वर लावली की काडीचा आघात स्वच्छ येतो, पण क्रॅश सिंबल (मोठी झांज) कानाला टोचतं. ८ किलोहर्ट्झच्या वर कापलं तर स्नेअरच्या तारांची चुरचुरही जाते. रिबन माइकमध्ये (यात धातूची पातळ पट्टी आवाज पकडते) सिंबल मऊ येतात, मात्र तो मागूनही तेवढंच ऐकतो. छत माइकपासून अडीच फुटांवर, त्यामुळे परतीचा आवाज साधारण साडेचार मिलिसेकंद उशिरा, उलट्या पोलॅरिटीत (लाट उलटी होऊन) मिसळतो आणि टॉम ड्रम पोकळ वाटतात.

माइकच्या बरोबर वर चार इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) लावलं तर हे सुटेल का? की खोलीच बदलावी?

दुसरं, रिबनला ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाजवाढ) लागतो, तिथे साधा प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) सुस्कारतो. इनलाइन बूस्टर (माइक आणि प्रीअँपच्या मध्ये जोडायचं आवाज वाढवणारं छोटं यंत्र) कोणी वापरलाय? फँटम (माइकच्या केबलमधून जाणारी वीज) बूस्टरलाच लागते, पण केबल सदोष असेल तर रिबनची पट्टी ताणली जाण्याची भीती वाटते.

हलगीही इथेच घ्यायची आहे. तिच्या कडकडाटाला रिबन किती फुटांवर ठेवता?