पाने पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे कूळ ओळखण्यासाठी मदत हवी आहे

हॉलीहॉक या फुलझाडाच्या पानांवर नेहमीच्या नागमोडी रेषांऐवजी तपकिरी, फुगीर चट्टे पडले असून, पान उजेडासमोर धरले असता दोन पापुद्र्यांच्या मधोमध एक चपटी, बिनपायांची अळी आतला हिरवा गर खाताना दिसते. तिच्या डोक्यावर गडद, कठीण कवच आहे. माशीच्या नागअळीला (पानात नागमोडी रेषा पाडणाऱ्या अळीला) तसे नसते, म्हणून ही भुंगेऱ्याची असावी, असे मला वाटते. मात्र रत्नभुंगेरे, सोंडकिडे आणि भातावरचा काटेरी भुंगेरा ज्यात मोडतो ते पर्णभक्षी भुंगेऱ्यांचे कूळ, या तिन्हींत पाने पोखरणाऱ्या जाती आहेत. यांपैकी अनेक जाती ठरावीक वनस्पतींवरच वाढतात, तेव्हा केवळ वनस्पतीवरून कूळ सांगता येईल का, की प्रौढ भुंगेरा बाहेर पडेपर्यंत थांबावे? थांबायचे झाल्यास तोडलेले पान ताजे कसे ठेवावे, हेही कृपया सांगावे. डबीत ठेवलेल्या पहिल्या दोन पानांना (माझ्याच हलगर्जीपणामुळे) बुरशी लागली.